चिखलदऱ्याला जाण्यासाठी आनंदाचा दाखला

या, असे जवळ या. खांबाला टेकलेल्यांनीही जरा पुढं सरकावं. आज ना भोंगा आहे ना माईक, आणि गोष्टच माईकवाल्याची असल्यामुळं त्याला बोलावताही येत नाही. बुवा कीर्तनात आधी निरूपण करतात, मग आख्यान लावतात. मी जन्मभर सतरंजीवर बसून ऐकणारा माणूस, मला निरूपण येत नाही. म्हणून थेट आख्यानच सांगतो. त्यात राजा नाही, राक्षस नाही. आठ महिन्यांची एक मुलगी आहे आणि एक शिक्का आहे.

ज्या वर्षांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसापेक्षा पाहणी पथकांचं पीक जोमदार आलं, त्यातल्याच एका वर्षी, पोळा आटोपल्यावर, एका तांड्यातल्या शाम राठोड आणि त्याची बायको अंजू यांनी आपल्या सोनलला घेऊन तीन दिवस चिखलदऱ्याला फिरायला जायचं ठरवलं. या प्रकरणातला मूळ गुन्हा तो हाच.

शामचं फाट्यावर लाऊडस्पीकरचं दुकान. आमच्या सप्ताहाला गेली सहा वर्षं त्याचाच आवाज. बुवांचा गळा बसला तर हा पठ्ठ्या बटणं फिरवून तो उभा करतो. बापानं दोन एकर त्याच्या नावावर केली असल्यामुळं सरकारी कागदावर मात्र तो माईकवाला नसून कापूस उत्पादक शेतकरी होता.

अंजूचं सांगायचं तर लग्नानंतर ती चार ठिकाणी गेली होती. वणीला माहेरी, पुसदला नणंदेच्या लग्नाला, पोहरादेवीला नवस फेडायला आणि यवतमाळला बाळंतपणाला. पाचवं ठिकाण तिनं दवाखान्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं होतं. डोंगरातला रस्ता आणि रस्त्यावर उतरलेले ढग.

"गाई बसतात ना रस्त्यावर, तसे तठी ढग बसतात म्हणे," ती शामला म्हणाली. "मले फकस्त तठी बसाचं हाये. पोरीले मांडीवर घेऊन. काई न करता."

"काईच न करता?"

"काईच न करता. तीन दिवस."

शामनं जाऊन मंगळवारी सकाळी सहाच्या गाडीची दोन तिकिटं रिझर्व्ह केली. अमरावती, तिथून परतवाडा, तिथून वर.

पहिली हरकत घरातूनच आली. शामची आई बिजलीबाई अंगणात कडधान्य निवडत होती.

"तठी कोणता देव हाये?" तिनं विचारलं.

"देव नाही याडी," शाम आईला म्हणाला. "फिरायले चाललो."

"कोनाचं लगन हाये?"

"नाही."

"दवाखाना?"

"नाही वो."

"देव नाही, लगन नाही, दवाखाना नाही. मंग लेकराले घेऊन जाता कायले?"

"जाऊन येतो ना."

"येणारच हा तं जाता कायले?"

या प्रश्नाचं उत्तर आजवर कोणत्याही शास्त्रात सापडलेलं नाही. पण बिजलीबाई मनानं मऊ. संध्याकाळपर्यंत ती स्वतःच सामान बांधायला बसली. चोवीस लंगोट, सहा दुपटी, घुटीची डबी, सहाण, वेखंड, दृष्ट काढायला मीठ-मिरची, परक्या पाण्यानं पोट बिघडू नये म्हणून तांड्यातल्या विहिरीचं पाणी दोन कॅन, आणि झोळी बांधायला दोर. "तठी झाड असन," ती म्हणाली, "पन दोर असन काय?" शिवाय एक लहान अ‍ॅम्प्लिफायर. कारण सोनल अंगाईनं झोपत नसे. बाप माईकवर बोटानं ठक ठक करून 'हॅलो, चेक' म्हणाला की तिला आधी हसू येई आणि मग झोप. माणसं जायची अडीच, सामान निघालं वरातीचं.

रविवारी दुपारी मारोतराव गुरुजी आले.

गुरुजी तांड्याच्या शाळेचे मास्तर. आजवर त्यांनी माणसं मोजली होती, गुरं मोजली होती, मतदार, संडास आणि पोलिओचे डोस मोजले होते. मोजण्यासारखं दुसरं काही उरलं नाही तेव्हा शासनानं त्यांच्याकडे दुःख मोजायचं काम दिलं. त्यांच्या हातात 'कुटुंब मनःस्थिती पाहणी, नमुना ब' होता. वीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही.

"बस शाम," गुरुजी स्वतः बसत म्हणाले. "खरं खरं सांगजो. रात्री झोप लागते?"

"कवाची झोप गुरुजी! आठ महिने झाले."

गुरुजींनी खूण केली. "जेवणात लक्ष असते?"

"ताट वाढलं का थे उठते," अंजू पोरीकडे बोट दाखवत म्हणाली. "मंग थंडं झालं का गिळतो आमी."

खूण. "घरात रडण्याचा आवाज येतो का?"

"बंद कवा होते, थे विचारा."

खूण. "चारचौघांत मिसळणं कमी झालं?"

"दोन लगनं बुडाली. हिच्या झोपीच्या टायमाले कोनी मुहूर्त काढत नाही ना."

खूण. "स्वतःच्या दाढी-केसांकडे दुर्लक्ष?" हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. गुरुजींनी शामच्या तोंडाकडे पाहून परस्पर खूण केली. "एका जागी बसून कुठंतरी एकटक पाहत राहता?"

"हे पाह्यते," शाम अंजूकडे पाहत म्हणाला. "ढगाकडे."

असं करत करत विसावा प्रश्न आला. गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "घरदार सोडून कुठंतरी निघून जावं, असा विचार मनात येतो काय?"

"येतो ना," शामचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "मंगळवारी सकाळी सहाच्या गाडीनं. रिझर्वेशन झालं!"

गुरुजींचं पेन थांबलं. पुढं उपप्रश्न होता: 'पूर्वतयारी आढळल्यास वर्णन करावे.' त्यांनी कोपऱ्यातल्या पिशव्यांकडे पाहिलं.

"काय काय भरलं?"

"लंगोट, घुटी, पाणी, दोर..."

"दोर?" गुरुजींचा आवाज चिरकला.

"झोळी बांधाले गुरुजी! पोरगी कुठी झोपन?"

गुरुजींना ते दिसत होतं. समोर झोळी टांगलेली होती आणि झोळीत पोरगी पाय झाडत होती. पण त्या वर्षांत आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात दोर नुसता दिसला तरी बघणाऱ्याची नजर आधी आढ्याकडे जायची, मग तो मास्तर असो की मंत्री. बेरीज केली. वीसपैकी वीस. सव्वीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी तपासलेल्या एकाही उत्तरपत्रिकेला इतके गुण पडले नव्हते.

"गुरुजी, लिहा ना का लेकराचं घर हाये म्हनून," अंजू काकुळतीला आली. "सगळ्याईच्याच घरी असंच असते ना!"

"शेऱ्याचा रकाना कार्यालयीन वापरासाठी हाये, माय."

"मंग?"

"मी कार्यालय नाही," गुरुजी खिन्नपणे म्हणाले. "मी फक्त पाहणी हाये."

सोमवारी सकाळी शामचं घर 'अतिसंवेदनशील कुटुंब क्रमांक एक' झालं. सरकारी यंत्रणा हलत नाही अशी आपली तक्रार असते. ती खोटी आहे. चुकीच्या दिशेनं जायचं असेल तर ती वाऱ्यासारखी जाते. नऊ वाजता पोलीस पाटील फुलसिंग खुर्ची घेऊन अंगणात हजर झाला. कुटुंबाला एकटं सोडू नये, धोकादायक वस्तू ताब्यात घ्याव्यात, दाराला कुलूप दिसल्यास तासाभरात कळवावं, असा त्याला लेखी आदेश होता. त्यानं पंचनामा करून दोर जप्त केला. पिशवीतलाही आणि झोळीचाही.

झोळी गेली तशी सोनलची झोप गेली. तिची गेली तशी घराची गेली. घराची गेली तशी शेजारच्या चार घरांची गेली. म्हणजे गुरुजींची पाहणी रविवारपेक्षा सोमवारी जास्त खरी ठरली. शेवटी बिजलीबाईनं पोरगी उचलून फुलसिंगच्याच मांडीवर ठेवली. "तूच दोर नेला ना रे? आता तूच झोळी हो." फुलसिंग भला माणूस. तो गुडघे हलवत बसला, पोरगी झोपली, आणि अंजू आठ महिन्यांत पहिल्यांदा दिवसा दोन तास गाढ झोपली. त्या वर्षांतल्या सगळ्या मदतीपैकी लाभार्थ्यापर्यंत खरोखर पोचलेली मदत मला तरी एवढीच माहीत आहे. फुलसिंगनं इमानदारीनं अहवाल लिहिला: 'घरातील स्त्री भर दिवसा निपचित पडून असते.'

या अहवालावरून दुपारी जीप आली. जीपमधून समुपदेशक दीपा मॅडम उतरल्या. मुलगी गुणाची, दोनच दिवसांचं प्रशिक्षण झालेलं, पण ते मनापासून केलेलं. त्यांनी अंजूचा हात हातात घेतला.

"ताई, तुम्हाला काय हवंय?"

इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. अंजूचे डोळे भरून आले. मॅडमनी नोंद केली: 'प्रश्न विचारताच रडू येते.'

"तीन दिवस चिखलदऱ्याले जाचं हाये. काई नाही, बसाचं हाये नुसतं."

"अगदी बरोबर!" मॅडम आनंदल्या. "मी तेच लिहिणार होते." आणि त्यांनी छापील कागदावर सल्ला लिहून दिला: 'एक. कुटुंबास तातडीने हवापालटाची गरज आहे. दोन. पुढील आदेश होईपर्यंत कुटुंबाने घर सोडू नये.'

अंजूनं कागद दोनदा वाचला. "मॅडम, हे दोनी संगच कसं जमन?"

"पहिलं मानसशास्त्राचं आहे," मॅडम म्हणाल्या. "दुसरं महसूलचं."

जाताना त्यांनी भिंतीवर लावायला डोंगराचं एक रंगीत चित्र दिलं. डोंगर काश्मीरचा होता, पण भावना चिखलदऱ्याचीच होती.

मंगळवारी पहाटे पाचला शाम आणि अंजू पिशव्या घेऊन निघालेही होते. पण दारात फुलसिंग आडवा आला. आडवा म्हणजे अधिकारानं नव्हे, हात जोडून.

"शामभाऊ, तुमी गेले तं माह्यावर बला येते. मी यवतमाळले काय सांगू?"

त्याच्यामागं मारोतराव गुरुजी. "मले कारणे दाखवा नोटीस निघन, बापा. वीसपैकी वीसवालं कुटुंब फिरायले गेलं म्हनलं तं पाहणीच खोटी ठरते. निवृत्तीले दोन वर्षं राह्यली."

बुवा सांगतात ते खरं आहे. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं, भल्या माणसाला नाही म्हणायला देवही कचरतो. सहाची गाडी दोन रिकाम्या जागा घेऊन ढगांकडे निघून गेली.

"यादीतून नाव काढून टाका, मंग जा खुशाल," गुरुजींनी मार्ग दाखवला. तशी ही मंडळी तालुक्याच्या कचेरीत गेली. कोणता तालुका ते मी सांगत नाही. ज्याचा त्यानं आपला समजावा.

नायब तहसीलदार बाबाराव साहेबांनी कागद वरून खाली आणि खालून वर वाचला. "नाव कमी होईल," ते म्हणाले. "कुटुंब आनंदी असल्याचा दाखला आणा."

"कुठी भेटते थो?"

"इथंच."

"मंग द्या ना साहेब."

"नमुना नाही. इथं लोक उत्पन्नाचा मागतात, जातीचा मागतात, रहिवासाचा मागतात, जिवंत असल्याचासुद्धा मागतात. आनंदाचा आजपर्यंत कोणी मागितलेला नाही."

शाम निराश होऊन उठायला लागला, पण बाबाराव साहेब कामाला भिणारे नव्हते. त्यांनी त्याच दिवशी नमुना तयार करवला आणि शुक्रवारी त्रिसदस्यीय समिती बसवली. ते स्वतः, एक वैद्यकीय अधिकारी आणि एक कृषी अधिकारी. समितीनं पहिलाच ठराव असा केला, की मोठ्या माणसाचं हसणं पुरावा म्हणून धरू नये. सरकारी कचेरीत मोठी माणसं भीतीनंही हसतात. सबब, कुटुंबातील बालकानं समितीसमोर प्रत्यक्ष हसून दाखवावं.

शुक्रवारी सोनलला टेबलावर बसवण्यात आलं. तिनं समितीकडे पाहिलं आणि ओठ काढला.

"हसव तिला," साहेब अंजूला म्हणाले.

"मी हसवलं तं चालन?"

साहेबांनी नियम पाहिला. "नाही. अर्जदारानं पुराव्यात हस्तक्षेप करू नये."

मग समितीलाच कामाला लागावं लागलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तोंडानं मांजर काढलं. ते इतकं हुबेहूब होतं की दप्तरखान्यातला खरा बोका येऊन बघून गेला. कृषी अधिकाऱ्यांनी बैल काढला, पण खात्याचा असल्यामुळं तो उठलाच नाही. बाबाराव साहेबांनी चष्मा काढून 'बुवा कुक' केलं. एकवीस वर्षांच्या सेवेत त्यांचा चष्म्याविना चेहरा कचेरीनं पहिल्यांदाच पाहिला. सोनलनं तो पाहिला आणि भोकाड पसरलं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर शिपायानं आवक टपालावर शिक्का मारला. ठप्प!

सोनल थांबली. तिनं मान वळवली. ठप्प! आणि ती हसली, दोन्ही दातांसह, खळखळून, पोट धरून. माईकवाल्याची पोरगी. बापानं बोटानं ठक ठक केल्यासारखंच तिला वाटलं असणार.

"मार, अजून मार!" साहेब ओरडले.

"टपाल संपलं साहेब."

"कोऱ्या कागदावर मार!"

"कोऱ्या कागदावर शिक्का गुन्हा हाये साहेब."

ते खरं होतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी गठ्ठे होते. वर्षभर, दीड वर्ष सहीसाठी पडून असलेले. त्यांनी एक ओढला, सही केली, शिक्का मारला. ठप्प! हसू. दुसरा. ठप्प! हसू. कागद वाचावे लागत नव्हते. न वाचताच ते वर्षभर थांबले होते, तसे आता न वाचताच सुटले. अर्ध्या तासात एकतीस प्रकरणं निकाली निघाली. बाहेर शिपायानं नावं पुकारली तेव्हा रांगेतल्या माणसांना आधी आपलं नावच ओळखू येईना.

त्यात एक कौसल्याबाई होती. नवरा गेल्यापासून चौदा महिने वारसाच्या नोंदीसाठी कचेरीची पायरी झिजवणारी. तिनं कागदावरचा ओला शिक्का पदरानं टिपला आणि आत येऊन सोनलच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय वो! देवाच्या दारी एवढी उभी राह्यली असती तं देव भेटला असता. मले हे लेकरू भेटलं."

अंजूच्या डोळ्यांत पाणी आलं. यावेळी नोंद घ्यायला कोणी नव्हतं.

"मंग साहेब, झालं ना?" शामनं विचारलं. "हासली ना पोरगी?"

समितीनं विचारविनिमय केला. हसू घडलं, याबद्दल दुमत नव्हतं. पण ते स्वयंस्फूर्त नव्हतं. शासकीय साहित्याचा वापर करून मिळवलेला आनंद हा कुटुंबाचा खाजगी आनंद मानता येत नाही. "बालकास पुढील तारखेस, मंगळवारी, पुन्हा हजर करावे," असा निर्णय झाला. निर्णयावर शिक्का बसला. ठप्प! सोनल हसली. तेही हसू अग्राह्य ठरलं.

मंगळवारी कचेरीसमोर दोनशे माणसं होती. कोणाची फेरफाराची नोंद, कोणाचा नुकसानीचा पंचनामा, कोणाचं नाव कागदावर मेलेलं आणि स्वतः जिवंत. चहावाल्यानं दुसरी शेगडी आणली. "आली का? झोपली तं नाही ना? पोट भरलं का तिचं?" ज्या तालुक्यात कोणी कोणाच्या पोटाची चौकशी करत नव्हतं, तिथं दोनशे माणसं एका लेकराच्या दुधाची चौकशी करत होती. सोनल हसली, सत्तर प्रकरणं सुटली, हसू अग्राह्य, पुढची तारीख शुक्रवार.

पुढच्या शुक्रवारी बाबाराव साहेबांचं मनगट सुजलं. त्यांनी डाव्या हातानं सही करायला शिकून घेतलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ते कौसल्याबाईला म्हणाले ते मी स्वतः ऐकलं. "बाई, मलाही पहिल्यांदाच मजा येऊन राह्यली या नोकरीत."

महिनाभरात वरून विचारणा आली, की या तालुक्यात प्रलंबित प्रकरणं अचानक कमी कशी झाली? साहेबांनी खरं ते कळवलं. आठ दिवसांत या प्रकाराला 'नावीन्यपूर्ण उपक्रम' म्हणून मान्यता मिळाली. शेजारच्या तालुक्यानं बालकाची आठवड्यातून दोन दिवस प्रतिनियुक्ती मागितली. त्याच्या पलीकडच्या तालुक्यानं विचारलं, की हेच बालक लागतं की कोणतंही चालेल, आणि वयाची अट काय? रोजच्या हजेरीपटावर सोनलसाठी ओळ आखली गेली. कचेरीत झोळी टांगली गेली आणि फुलसिंगनं जप्त केलेला दोर तिथं रीतसर परत देण्यात आला, शासकीय वापरासाठी.

शामनं भीत भीत रजेचा विषय काढला.

"रजा कर्मचाऱ्याला असते," साहेब म्हणाले. "ही कर्मचारी नाही."

"मंग नाही आणलं तं?"

"गैरहजर कसं राहता येईल? हजेरीपटावर नाव आहे ना."

घरी अंजू पंधरा-पंधरा दिवसांनी चिखलदऱ्याची पिशवी उघडायची. सोनलला लहान झालेले कपडे बाहेर काढायची, मोठे आत घालायची आणि पिशवी पुन्हा बांधून ठेवायची. बिजलीबाई ते बघायची. एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "जाऊन ये ना वो पोरी. देव नसला तरी जा." पण आता अडवणारी बिजलीबाई नव्हती, हजेरीपट होता.

आणि मग तो सोमवार. कापूस फुटायला लागला होता. आणखी दहा दिवसांत वेचणी, मग हात मोकळे होणार संक्रांतीनंतर, तोवर डोंगरावरचे ढग उठून गेलेले असणार. अंजू सोनलला कडेवर घेऊन कचेरीच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. खाली रांग होती. आजवर ती कधी चारचौघांत बोललेली नव्हती.

"मले तीन दिवस द्या," ती म्हणाली. "जास्त नाही. तीनच. उद्या जातो, शुक्रवारी पोरीले आनतो. तुमी सगळे जा म्हनले तं साहेब काई म्हननार नाही. साहेबानंच सांगतलं तसं."

आणि मी तुम्हाला सांगतो, त्या रांगेत एकही माणूस वाईट नव्हता. पहिला म्हणाला, "जा ना माय, तुहा हक्कच हाये! फक्त माहा एवढा फेरफार होऊ दे." दुसरा म्हणाला, "तीन कायले, आठ दिवस जा! माहा कागद झाला का." कौसल्याबाईसुद्धा होती. वारस लागला होता, आता नावातल्या चुकीची दुरुस्ती उरली होती. तिनं अंजूच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "अवश्य जा वो लेकी. मी तं म्हनतो आजच जा. माहं झाल्यावर." एकेकानं तिला आशीर्वाद दिला. कोणी प्रवासाला भाकरी बांधून द्यायचं कबूल केलं, कोणी पोरीला स्वेटर. असा चाळीस माणसांनी तिला मनापासून निरोप दिला आणि एकानंही रांग सोडली नाही.

एक्केचाळिसावा मी होतो. सप्ताहाच्या भोंग्याच्या परवानगीचा अर्ज घेऊन. अंजूनं माझ्याकडे पाहिलं. शामच्या ओळखीचा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. तिला वाटलं असेल, हा तरी.

मी म्हणालो, "जा माय, निश्चिंत जा. माझं आपलं नाही, देवाचं काम आहे. तेवढं झालं की जा."

तिनं पोरगी कडेवर सावरली. आत गेली. ठप्प ठप्प सुरू झालं. माझी परवानगी मिळाली, सप्ताह झाला, बुवांनी परोपकारावर असं निरूपण केलं की मंडप रडला. मीही रडलो. आवाज शामनंच लावला होता, फार गोड लागला.

आता तुम्ही हसताय, आणि हसावंच, मी त्यासाठीच सांगितलं. पण एक राहिलं. त्या दिवशी रांगेत मी सहज मागं वळून पाहिलं, माझ्यामागं कोण आहे म्हणून. बेचाळिसावे तुम्ही होता. हातात कागद होता, चेहरा फार भला होता. नाही म्हणू नका, मी नंबर पाहिला आहे.

मला काही दक्षिणा नको. एवढंच करा. पुढच्या वेळी तुमचा अडकलेला कागद अचानक सुटला आणि तुम्ही तो खिशात घालून पायऱ्या उतरायला लागलात, की त्या अंजूची आठवण ठेवा. ती चिखलदऱ्याला कधी गेली का, हे मला विचारू नका. तिला विचारा. आजवर ते एवढंच तिला कोणी विचारलेलं नाही.